चाकांचा ओटा

ओटेकरांचं खरं आडनाव विजेच्या बिलावर तेवढं शिल्लक होतं. बाकी सगळ्या जगाला ते ओटेकर. धंदा स्वयंपाकघराचे ओटे बांधायचा. विटांचे दोन पाय, वर काळी फरशी, एका टोकाला सिंक, दुसऱ्या टोकाला शेगडी आणि मागच्या भिंतीला हातभर उंच टाइल्स. असे ओटे कुठलाही गवंडी बांधतो, त्यात एवढं काय, असं कुणीही म्हणेल. तर एवढं असं, की ओटेकरांनी एकाच गल्लीतल्या चौदा घरांत मिळून शंभराच्या वर ओटे बांधले, आणि त्यातल्या एकाही घरात कधी दुसरं स्वयंपाकघर नव्हतं.

हे कसं जमलं ते कळायला ती गल्ली समजून घ्यायला हवी. चौदा घरं, एकाला एक चिकटलेली. पुढची दारं रस्त्यावर उघडायची आणि तो रस्ता शहराचा. मागची दारं नाल्याकडे उघडायची आणि तो नाला उपनगराचा. शहर कुठे संपतं आणि उपनगर कुठे सुरू होतं हे ठरवायला कधीकाळी जी मंडळी बसली, ती भरपेट जेवून बसली असणार. कारण त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि डुलकी लागायच्या आत रेघ मारून मोकळे झाले. ती रेघ या चौदा घरांच्या पोटातून गेली. मग मोजणीवाले आले आणि प्रत्येक घराच्या जमिनीत तीन-तीन पितळी खिळे ठोकून गेले. खिळ्यांच्या अलीकडे शहर, पलीकडे उपनगर. ओटेकरांच्या घरात मधला खिळा नेमका पुढच्या आणि मागच्या खोलीमधल्या दारात आला होता.

आता एका घराचा कर दोघांनी कसा घ्यायचा? यावर समिती बसली. समितीत एक शहाणे गृहस्थ होते. ते म्हणाले, माणूस झोपतो कुठेही, बसतो कुठेही, पण शिजवतो एकाच जागी. तेव्हा ज्या हद्दीत स्वयंपाकघर, त्या हद्दीचं घर. सगळ्यांना हे इतकं पटलं की त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नियम करून टाकला. स्वयंपाकघर हलवता येतं ही गोष्ट त्या सभेत एकाच्याही लक्षात आली नाही, कारण त्यांच्यातल्या एकानेही आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं.

शहराचा कर उपनगराच्या तिप्पट. का नसणार? शहराकडे मोठं रुग्णालय, आग विझवायच्या गाड्या, वाचनालय, रस्त्यावर दिवे आणि दिव्यांखाली रस्ते. उपनगराकडे काय होतं? कमी कर होता. आणि वेशीवर एक मोठी कमान होती, जिच्यावर ‘सुस्वागतम्’ लिहिलेलं होतं. उपनगरातली माणसं सकाळी उठून शहरात कामाला जात, शहराच्या रस्त्यांवरून चालत, शहराच्या नळाचं पाणी पीत, शहराच्या डॉक्टरला जीभ दाखवत आणि संध्याकाळी घरी येऊन शहराला शिव्या देत झोपत. शहरही काही कमी शहाजोग नव्हतं. त्याने आपला सगळा कचरा नेऊन टाकायचा तो उपनगराच्या हद्दीत. म्हणजे शहराचा कचरा उपनगरात आणि उपनगरातले आजारी शहरात, असा व्यवहार होता. दरवर्षी शहर रुग्णालयाच्या वाट्याचं बिल पाठवायचं आणि उपनगर उलट टपाली दुर्गंधीचं बिल पाठवायचं. दोन्हीकडचे अधिकारी वर्षातून एकदा भेटत, बिस्किटं खात, एकमेकांच्या बिलांवर ‘अमान्य’ असा शिक्का मारत आणि पुढच्या वर्षीची तारीख ठरवून उठत.

या सगळ्यावर ओटेकरांचा संसार उभा राहिला. नियम झाला त्याच महिन्यात गल्लीतली सगळी स्वयंपाकघरं पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेली. मग शहराने जाहीर केलं की शहरातल्या मुलांना शाळेची फी माफ. झालं, ज्यांना मुलं होती त्यांचे ओटे पुढे आले. मुलं शाळा सोडून बाहेर पडली की ओटे मागे. उपनगराने एकदा रस्तादुरुस्तीचा कर बसवला तेव्हा ओटेकरांचं सोडून बाकीची तेरा घरं पंधरवड्यात शहरात येऊन बसली. उपनगराला कर मागे घ्यावा लागला आणि रस्ता होता तसा राहिला. शेजारच्या शिंप्याने तर मुलगी शाळेत, आई आजारी, मुलगी कॉलेजात, आई वारली अशा हिशोबाने नऊ वेळा ओटा हलवला. ओटेकर त्याला म्हणायचे की तुझ्या घराण्याचा इतिहास माझ्या पावतीपुस्तकात आहे.

पण फोडायचं आणि बांधायचं यात फरशा फुटायच्या, धूळ व्हायची, गिऱ्हाईक कुरकुरायचं. तेव्हा ओटेकरांनी डोकं चालवलं. लोखंडी सांगाडा, वर फरशी, खाली गोदामातल्या हातगाडीची चार चाकं, पाण्याला आणि गॅसला लांब रबरी नळ्या. दोन्ही खोल्यांच्या भिंतींना टाइल्स आधीच लावून ठेवायच्या. कळ दाबली की ब्रेक सुटतो, आणि घरातली बाई एकटी ओटा ढकलत शहरातून उपनगरात नेऊ शकते. गल्लीने त्यांना डोक्यावर घेतलं. शहराचं कर खातं मात्र हादरलं आणि त्यांनी एक तपासनीस नेमला.

हा तपासनीस बुटका, गंभीर आणि फार सभ्य माणूस होता. तो येऊन शेगडीवर हात ठेवायचा. गरम असेल तर ‘चालू’ लिहायचा. लोक रिकामं पातेलं तापवून ठेवायला लागले, तेव्हा तो टाइल्सवरून बोट फिरवून तेलकटपणा बघू लागला. लोक टाइल्सना तेल चोपडू लागले, तेव्हा तो बोट नाकाशी नेऊन तेल ताजं की जुनं ते सांगू लागला. ओटेकर आणि तपासनीस यांचा एकमेकांवर मनापासून जीव होता. एकाच्या अकलेवर दुसऱ्याची नोकरी चालत होती.

गंमत अशी, की ओटेकरांच्या स्वतःच्या घरातला ओटा सव्वीस वर्षांत जागचा हलला नव्हता. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे शाळेची फी नाही. दुखणं-खुपणं नाही, त्यामुळे रुग्णालय नाही. मागच्या खोलीत, पितळी खिळ्यापासून चार पावलांवर, डाव्या भिंतीला विटांचा पक्का ओटा होता आणि त्यावर ओटेकरीणबाई सव्वीस वर्षं शिजवत होत्या. चहाचं आधण ठेवायचं भांडं कुठे, साखरेचा डबा कुठे, काडेपेटी कुठे, हे ठरलेलं. उपनगराचा कर एक तृतीयांश. ओटेकर तो भरून आल्यावर पावती देवासारखी कपाळाला लावायचे.

नुसता कर वाचवून त्यांचं समाधान होत नव्हतं. उपनगराची सभा वर्षातून एकदा शाळेच्या सभागृहात भरायची. त्यात दरवर्षी एकच खरा ठराव असायचा, शहराच्या रुग्णालयाचा वाटा द्यायचा की नाही. घरटी महिन्याला दोन कप चहाची किंमत पडणार होती. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा हा ठराव आला तेव्हा अध्यक्षांनी चाचरत चाचरत तो वाचला, आणि ओटेकर उभे राहिले. त्यांनी सभागृहावर एक नजर टाकली आणि विचारलं, “आपल्यात आजारी कोण आहे?”

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. खरंच, कोण आजारी होतं? आजारी होते ते घरी झोपले होते, ते सभेला कसे येणार? ठराव पडला. पुढच्या वर्षी लोकांनीच ओटेकरांना आग्रह केला, अहो, ते म्हणा ना. मग दरवर्षी अध्यक्ष ठराव वाचायचे, ओटेकर उठून तेच वाक्य म्हणायचे, लोक तसेच हसायचे आणि सगळे वेळेत घरी जायचे. शहरही हट्टाला पेटलं. त्यांनी रुग्णालयात दोन खिडक्या केल्या. एक शहरवासीयांची आणि एक बाहेरच्यांची. शहरवासीयांना तीन आठवड्यांत ऑपरेशन. बाहेरच्यांना आठवड्यातून एक दिवस, आणि तेही आपल्या उपनगराचं शिफारसपत्र आणलं तर. ओटेकरांनी हे वर्तमानपत्रात वाचलं आणि पान उलटलं.

मग एक दिवस बाईंनी त्यांच्या चहात मीठ घातलं.

ओटेकरांनी त्यावर गल्लीभर विनोद केले. दुसऱ्या आठवड्यात बाई दाराच्या चौकटीवर आपटल्या, तेव्हा ते म्हणाले, की चौकट सव्वीस वर्षं तिथेच आहे, तूच जाडी झालीस. त्या फारसं बोलायच्याच नाहीत. पण एका सकाळी ओटेकर समोर उभे असताना त्यांनी ‘कोण आहे?’ असं विचारलं, आणि ओटेकर त्यांना घेऊन शहराच्या रुग्णालयात गेले.

रुग्णालयातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांना गोड बोलायला वेळ नव्हता. काचबिंदू आहे, म्हणाल्या, बराच पुढे गेलाय. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते ऑपरेशन करून वाचवता येईल, पण दोन महिन्यांच्या आत. ओटेकर मान डोलावत खिडकीशी गेले. खिडकीतल्या माणसाने पत्ता विचारला, वही चाळली आणि सांगितलं, की बाहेरच्यांच्या यादीत तुमचा नंबर साधारण दहा महिन्यांनी लागेल, शिफारसपत्र जोडा. ओटेकर म्हणाले, डॉक्टर म्हणतात दोन महिने. तो म्हणाला, डॉक्टर डोळे बघतात, आम्ही यादी बघतो. आणि मग अगदी सहज म्हणाला, की तुमच्या उपनगराने वाटा भरला असता तर दोन खिडक्यांची गरजच पडली नसती, पण तुमच्याकडे कुणीतरी एक विद्वान दरवर्षी उठून तो ठराव पाडतो म्हणे. ओटेकर म्हणाले, असतात असे लोक.

खासगी दवाखान्यातला आकडा ऐकून त्यांना घाम फुटला. सव्वीस वर्षांत वाचवलेला सगळा कर आणि शंभर ओट्यांची कमाई एकत्र केली तरी निम्म्याच्या वर जात नव्हती. घर विकावं म्हटलं, तर अर्धं शहरात आणि अर्धं उपनगरात. दोन्हीकडचा ना-हरकत दाखला लागतो आणि तो दोन वर्षांच्या आत मिळाल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. म्हणजे मार्ग एकच उरला, आणि तो ओटेकरांइतका कुणाला ठाऊक होता? घर शहरात न्यायचं. एवढी वर्षं लोकांची नेली, आता आपलं. त्यांनी शहराच्या कर खात्यात अर्ज टाकला. तपासणीची तारीख पंधरा दिवसांनी मिळाली. शहराचा तिप्पट कर भरायची ही त्यांची पहिलीच वेळ, पण त्या क्षणी त्यांनी दसपट भरला असता.

त्या पंधरा दिवसांत ओटेकरांनी जे काम केलं ते आयुष्यातलं सर्वांत चोख. मागचा विटांचा ओटा स्वतःच्या हाताने फोडला. फोडताना त्यांना कसंतरीच झालं, पण ते थांबले नाहीत. मागच्या भिंतीच्या टाइल्स काढून गिलावा केला, चुना मारला, तिथे एक बाज टाकली आणि वर चादर घातली. पुढच्या खोलीत चाकांचा ओटा आणला आणि चाकांभोवती विटांचं खोटं बांधकाम करून ती लपवली. टाइल्स नव्या दिसू नयेत म्हणून दुसऱ्यांच्या घरांतून काढलेल्या जुन्या लावल्या. जुन्या दात घासायच्या ब्रशाने तेलाचे बारीक शिंतोडे उडवले, ते वाळू दिले, पुन्हा उडवले. छताला मेणबत्तीचा धूर दिला. शेजारचा शिंपी बघायला आला आणि तोंडात बोट घालून उभा राहिला. म्हणाला, इथे तीन पिढ्या जेवल्यात असं वाटतंय.

बाईंना त्यांनी दोन दिवस शिकवलं. अगं, इथे शेगडी, इथे डबे, हा बघ, हात लाव. बाई हात लावायच्या, मान हलवायच्या आणि पाचव्या मिनिटाला मागच्या खोलीत जाऊन बाजेला धडकायच्या. ओटेकर वैतागले. शेवटी त्यांनी ठरवलं, की तपासनीस असेल तेवढा अर्धा तास तू खुर्चीत बसून राहायचं. काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. बाई म्हणाल्या, बरं.

ठरलेल्या दिवशी तपासनीस वेळेवर आला. त्याने शेगडीवर हात ठेवला. गरम होती. टाइल्सवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मान वर करून छत बघितलं. मागच्या खोलीत गेला, बाजेवर बसून पाहिलं, भिंतीला नाक लावलं, परत आला. ओटेकर त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे होते. आयुष्यभर त्यांनी या माणसाला चकवलं होतं आणि दरवेळी मजा वाटली होती. आज तोंडचं पाणी पळालं होतं. तपासनिसाने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, सगळं ठीक दिसतंय, फक्त घराची जुनी करपावती दाखवा म्हणजे नोंद करून टाकतो. ओटेकरांचा जीव भांड्यात पडला. पावती पोटमाळ्यावरच्या पेटीत होती. ते शिडी चढून वर गेले.

तपासनीस खुर्चीत बसला. समोरच्या खुर्चीत बाई होत्या. मग तपासनिसाला चुन्याच्या वासाने ठसका लागला आणि तो खोकू लागला. एवढंच झालं. घरात माणूस आलंय, खोकतंय, आणि आपण खुर्चीत बसून राहिलोय, हे बाईंच्या अंगाला सोसलं नाही. डोक्याला सांगितलेलं सगळं डोक्यात राहिलं आणि पाय उठले. चहा टाकते, असं म्हणून त्या भिंतीला हात न लावता सरळ चालत गेल्या. दारातला पितळी खिळा पायाला लागला. तिथून मोजून चार पावलं. मग डावीकडे वळल्या आणि ओट्याच्या उंचीवर हात नेऊन भांडं शोधू लागल्या. हात हवेत होता. बाईंनी तो थोडा उजवीकडे नेला, जिथे काडेपेटी असायची. मग थोडा वर, जिथे साखरेचा डबा असायचा. मग पुन्हा खाली.

ओटेकर पावती घेऊन शिडीवरून उतरले ते हे बघायला. बाई चुना मारलेल्या रिकाम्या भिंतीसमोर उभ्या होत्या आणि त्यांचा हात हवेत एकेका वस्तूच्या जागी जात होता. एकही जागा चुकत नव्हती. तपासनीस दारात, खिळ्यावर उभा राहून ते बघत होता.

“बाई, चहा राहू दे,” तो म्हणाला. मग ओटेकरांकडे वळला. “एकवीस वर्षं मी हात लावून बघतोय, ओटेकर. आज हात न लावताच कळलं.”

ओटेकरांनी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. पहिल्यांदाच त्याला सगळं खरं सांगितलं, दोन महिने, यादी, काचबिंदू. तपासनिसाने सगळं ऐकून घेतलं. त्याचा चेहरा खरोखर पडला होता. पण वहीत जे दिसतं तेच लिहायचं, अशी त्याला खोड होती, आणि ती खोड ओटेकरांनीच एकवीस वर्षं लावली होती. त्याने लिहिलं, ‘स्वयंपाक मागील खोलीत.’ टोपण लावलं आणि बाईंना नमस्कार करून गेला.

आठ दिवसांनी शहराचं पत्र आलं. अर्ज नामंजूर, घर उपनगराचं. अकराव्या दिवशी उपनगराचं पत्र आलं. आपण ओटा पुढील खोलीत नेल्याचं समजतं, सबब घर आता शहराचं असून आम्ही शिफारसपत्र देऊ शकत नाही. एवढी वर्षं या घरासाठी दोघं भांडत होते, कारण घर कर देत होतं. आता घर काहीतरी मागू लागलं, तर दोघांनीही हात झटकले. ओटेकर दोन्ही पत्रं घेऊन दोन्ही कचेऱ्यांत फिरले. प्रत्येक ठिकाणी त्यांना दुसऱ्याचं पत्र दाखवून परत पाठवलं. सगळीकडे त्यांना आदराने खुर्ची दिली जायची, कारण दोन्हीकडचे कारकून त्यांचीच गिऱ्हाइकं होते. शेवटी ओटा मागे घेतलेला दिसला तर विचार करू, एवढं उपनगराने मान्य केलं.

ओटेकरांनी पुढच्या खोलीतला देखावा फोडला. मागच्या खोलीत, खिळ्यापासून चार पावलांवर, डाव्या भिंतीला पुन्हा विटांचा ओटा बांधला. हा त्यांचा शेवटचा ओटा. बांधताना त्यांनी गजाने मापं घेतली नाहीत. बाईंना समोर उभं केलं, म्हणाले, भांडं घे. बाईंनी हात पुढे केला तिथे त्यांनी खडूने खूण केली. काडेपेटी घे. तिथे खूण. साखर घे. तिथे खूण. असं सगळं झाल्यावर खुणांच्या हिशोबाने फळ्या ठोकल्या. काम चालू असताना ते अधूनमधून नाक पुसत होते, आणि बाईंना ते दिसत नव्हतं हे त्यांना बरंच वाटलं.

शिफारसपत्र मिळायला तीन महिने गेले. यादीतला नंबर त्यानंतर धरला गेला. तेरा महिन्यांनी ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की उजव्यात काही उरलेलं नाही आणि डाव्यात उजेड-अंधार कळेल एवढं राहिलंय. बाईंनी विचारलं, उजेड कळेल ना? मग म्हणाल्या, दार उघडं आहे की नाही ते कळेल म्हणजे. आणि त्यावर त्या खरोखर समाधान मानून घरी आल्या. ओटेकरांना मात्र महिनाभर अन्न गोड लागलं नाही.

मधली एक सभा ओटेकरांनी चुकवली होती. ऑपरेशननंतरची ही उपनगराची सभा. बाई म्हणाल्या, मलाही यायचंय. आजवर त्या कधी गेल्या नव्हत्या. ओटेकर त्यांना हाताला धरून घेऊन गेले आणि तिसऱ्या रांगेत बसवलं. सभागृह भरलं होतं. अध्यक्षांनी पंखे, कमानीची रंगरंगोटी, मागच्या वर्षीचं दुर्गंधीचं बिल हे सगळं वाचलं आणि मग नेहमीच्या आवाजात रुग्णालयाच्या वाट्याचा ठराव वाचला. वाचून झाल्यावर ते थांबले. सगळं सभागृह थांबलं. माना ओटेकरांकडे वळल्या. मागून शेजारचा शिंपी लाडात येऊन म्हणाला, की उठा की ओटेकर, म्हणा, घरी जायला उशीर होतोय.

ओटेकर उठले नाहीत. तेव्हा शिंप्यानेच ते वाक्य म्हणून टाकलं. आवाजही ओटेकरांचाच काढला. लोक हसले, पण नेहमीइतके नाही, कारण पुढच्या दोन रांगांना तिसऱ्या रांगेत कोण बसलंय ते दिसत होतं. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ठरावाच्या बाजूने कोण आहे त्यांनी हात वर करावा. हे ते दरवर्षी म्हणायचे आणि लगेच पुढचा कागद उचलायचे. या वर्षीही त्यांनी कागद उचलला होता.

सभागृहात खुर्च्यांची करकर झाली आणि थांबली.

“किती जणांचा वर आहे?” बाईंनी हळूच विचारलं.

ओटेकरांनी मान वळवून सगळं सभागृह पाहिलं. शिंपी चपलेकडे बघत होता. त्याच्या शेजारी नऊ नंबरचं घर, त्याच्या मागे बारा नंबरचं, सगळे खाली बघत होते. या प्रत्येकाच्या घरातली फरशी त्यांना पाठ होती.

“एकाचा.”

“कुणाचा?”

“माझा.”

बाईंनी हात लांब करून नवऱ्याचा खांदा शोधला. खांद्यावरून हात कोपरापर्यंत नेला, कोपरावरून मनगटापर्यंत, आणि मनगट खरंच वर आहे याची नीट खात्री करून घेतल्यावरच तो पुन्हा मांडीवर ठेवला.